टीम बापूराव

आमच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी एक काळा डबा घरघरत असतो. नवीन माणूस आला की हमखास विचारतो, "वहिनी, फ्रीज बाहेर का ठेवलाय?" मी सांगते, "फ्रीज नाही तो, माझी सवत आहे." लोक हसतात. हसू देत. कोथरूडमध्ये एरवी कोण कुणाच्या घरी येऊन हसतंय!

तो डबा म्हणजे कॉम्प्युटर. आमच्या ह्यांनी स्वतः जोडलेला. बुधवार पेठेत ह्यांचं कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. त्या गल्लीत सुदर्शनचं दुकान विचारलं तर कुणीही बोट दाखवायचं. कुणाचा पंखा जळलाय, कुणाचं मशीन सारखं बंद पडतंय, की धाड सुदर्शनकडे. मग एके दिवशी ह्यांना स्वतःच्या शर्टाचं बटण लावता येईना. मला वाटलं नाटकं करतायत, लाड करून घ्यायचेत. तसं बोललेही. पुढे हातातून स्क्रू ड्रायव्हर गळायला लागला, तेव्हा मात्र मी ह्यांना ओढत डॉक्टरकडे नेलं.

मोटर न्यूरॉन डिसीज. स्नायूंना हुकूम सोडणाऱ्या नसा हळूहळू मरत जातात. डोकं शाबूत राहतं, सगळं कळतं, सगळं जाणवतं, फक्त शरीर ऐकेनासं होतं. ह्यांचे आधी हात गेले, मग पाय गेले, आणि आता जीभ चाललीय. बाहेरच्या माणसाला ह्यांचं बोलणं म्हणजे नुसता हुंकार वाटतो. मला मात्र शब्द न् शब्द कळतो. कसा कळतो ते विचारू नका. सगळा संसार ह्यांच्याशी भांडण्यात गेलाय, आता पुढचं वाक्य काय येणार ते मला आधीच ठाऊक असतं. डॉक्टर असोत, शेजारी असोत, हे बोलले की सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. मी सांगते, मग ते माना हलवतात. म्हणजे ह्यांचे हात मी, पाय मी, आणि तोंडही मीच. मी शाळेत शिकवत होते, आवाज खणखणीत आहे, दोन माणसांना पुरतो.

मशीनचं हे खूळ आजार कळल्यानंतरचं. परदेशातल्या विद्यापीठांनी चालवलेला कसलासा प्रकल्प आहे. ह्यांनी मला तो समजावला तेव्हा ह्यांना नीट बोलता येत होतं आणि मी मोदकांना कळ्या पाडत बसले होते.

"मंदा, प्रथिन म्हणजे एक लांब साखळी," हे म्हणाले. "शरीरात ती आपली आपण घडी घालून घेते, तेव्हा कुठे कामाला लागते. घडी चुकली की तुझ्या या मोदकासारखं होतं. एक कळी नीट मिटली नाही, तर वाफेवर फुटतो आणि सारण शेजारच्याला जाऊन चिकटतं. माझ्या नसांमध्ये तसल्या फुटक्या मोदकांचा ढीग झालाय."

ती घडी कशी पडते आणि कुठे बिघडते, हे कॉम्प्युटरवर बघायचं तर गणित एवढं अवाढव्य की एकट्या-दुकट्या यंत्राचं ते काम नाही. म्हणून त्या गणिताचे तुकडे करतात आणि जगभरच्या हौशी लोकांच्या घरी धाडतात. कुणाचा लॅपटॉप, कुणाचं गेम खेळायचं मशीन, जे रिकामं असेल ते. आपण आपला तुकडा सोडवायचा, परत पाठवायचा, की दुसरा येतो. मुदतीत दिला नाही तर तोच तुकडा दुसऱ्या कुणाला देतात. कुणावाचून काही अडत नाही.

"मग तुमचं औषध कधी निघणार?" मी विचारलं.

"माझं नाही निघणार," हे म्हणाले. "आणि येणारा तुकडा माझ्याच आजाराचा असेल असंही नाही. कधी कॅन्सरचा येतो, कधी स्मृतिभ्रंशाचा. मिळेल तो करायचा."

मी हातातली पारी ताटात आपटली. वीज आमची, उकाडा आमच्या घरात, आणि दुखणं कुठल्या कोण परक्याचं! घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. हे हसायला लागले. तेव्हा हसता येत होतं ह्यांना.

तर असं हे काम. जितके तुकडे सोडवाल तितके गुण मिळतात आणि तुमच्या नावापुढे ते इंटरनेटवर दिसतात, कुणालाही दिसतात. चार जण मिळून गटही करता येतो. ह्यांनी गट काढला आणि त्याला नाव दिलं 'टीम बापूराव'. बापूराव म्हणजे माझे सासरे. आमच्या लग्नाच्या आधीच गेले ते. लेक नम्रता बंगळुरूला नोकरी करते, तिनेही तिचं मशीन गटात घातलं. गटात माणसं दोनच, बाप आणि लेक. रविवारी व्हिडिओ कॉलवर दोघांची जुंपायची. "बाबा, या आठवड्यात मी तुमच्या पुढे!" "तुझं मशीन नवीन आहे, त्यात तुझी काय मर्दुमकी?" ह्यांची जीभ जड झाल्यावर हे भांडणही माझ्या तोंडून व्हायला लागलं. ह्यांनी टोमणा मारायचा, मी तो तिला पोचवायचा आणि तिची बोलणी मी खायची.

नम्रताला वाटतं, आजोबांची आठवण म्हणून बाबांनी ते नाव दिलं. आजोबा लकवा होऊन गेले, असं तिला लहानपणापासून सांगितलंय. मलाही तसंच सांगितलं होतं. पण बापूरावांना लकवा नव्हता. त्यांनाही हेच होतं.

हे कळलं ते ह्यांच्या रक्ताच्या तपासणीतून आणि डॉक्टरांनी बापूरावांच्या दुखण्याची लक्षणं विचारली तेव्हा, आणि गट निघाला तो त्यानंतर. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं की हा आजार बहुतेकांना असाच, कुठून आला ते न कळता होतो, पण थोड्या घराण्यांत तो वारशाने येतो आणि तुमचं घर त्यातलं आहे. मुलांमध्ये उतरण्याची शक्यता निम्मी. उतरला असेल किंवा नसेल. तपासणी करायची की नाही हे मुलीने ठरवायचं, पण तिला माहीत तरी असायला हवं. आजाराच्या या जातीवर परदेशात संशोधन पुढे गेलंय, लवकर लक्षात आलं तर उद्या उपयोग होऊ शकतो, मूल होऊ देतानाही विचार करता येतो. डॉक्टर चांगले आहेत, शांतपणे बोलत होते. मला त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून फेकावासा वाटत होता.

घरी येताना रिक्षात हे म्हणाले, "नम्रताला सांगू या. दोघं मिळून."

"लग्न ठरू दे, मग सांगू," मी म्हणाले.

तेव्हापासून हेच चाललंय. ह्यांचे हात आधीच गेले होते, त्यामुळे लिहिणं-टाइप करणं संपलेलं. जीभ होती तोवर हे माझ्यासाठी थांबले आणि मी 'पुढच्या वेळी, पुढच्या वेळी' करत राहिले. आता जीभही गेल्यासारखीच. म्हणजे नम्रताला सांगायचं तर माझ्याच तोंडून. आणि मला सांगायचं नाही.

का नाही, ते ऐकून घ्या आणि मग मला नावं ठेवा. पोरगी धडधाकट आहे. टेकड्या चढते, नाचते, खिदळते. तिच्या हातातून उद्या चहाचा कप निसटला तर 'ओट्यावर तेल होतं' एवढंच तिच्या मनात येईल. हे सांगितल्यावर काय येईल? रोज सकाळी उठून स्वतःची बोटं बघत बसेल. आणि निम्मी शक्यता म्हणजे निम्मी नसण्याचीही आहे की! नसेलच तिला तर? फुकटची चिता कशाला रचायची जिवंत पोरीसाठी?

ह्यांचं एकच पालुपद. "तिचं आहे ते, मंदा. तिला कळू दे."

"तुम्हाला तुमच्या वडलांचं माहीत असतं तर काय केलं असतंत? लग्न केलं नसतंत? मग नम्रता तरी असती का?"

एवढं बोलून मी जिंकल्यासारखी उठून स्वयंपाकघरात जाते आणि नळ मोठा सोडून रडून घेते. जिंकणं म्हणजे काय असतं ते मला विचारा.

अशात नम्रताने फोन केला की तिने लग्न ठरवलंय. मुलगा तिच्याच ऑफिसातला, आयुष नाव, लोणी काळभोरचा. वडील लहानपणीच गेले, आईने वाढवला. आई कांताबाई, तिथल्या एका कॉलेजच्या वसतिगृहात खानावळ चालवते. "रविवारी ते दोघं भेटायला येणार आहेत, मीही येते," नम्रता म्हणाली. मी फोन ठेवला आणि ह्यांच्याकडे वळले. ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण पहिलं वाक्य काय म्हणाले? "आता तरी सांग."

"त्यांना येऊन जाऊ दे," मी म्हणाले.

रविवारी मी ह्यांना पांढरा झब्बा घातला, दाढी केली, खुर्चीत उशा लावून हॉलमध्ये बसवलं. नम्रता आदल्या दिवशीच आली होती. आल्या आल्या बाबांच्या गळ्यात पडली आणि मग दोघं मशीनसमोर बसले. तिने ह्यांना गुण वाचून दाखवले, पंखा साफ केला. हे तिच्याशी काहीतरी बोलायला बघत होते. ती म्हणे, "काय बाबा? परत सांगा." दोनदा, तीनदा. मग तिने स्वयंपाकघरात हाक मारली, "आई, बाबा काय म्हणतायत?" मी तिथूनच सांगितलं, "पंख्याला तेल घाल म्हणतायत." कानावर काहीही पडलं नव्हतं माझ्या. मी ऐकलंच नव्हतं.

आयुष मला आवडला. आल्याबरोबर ह्यांच्या पाया पडला आणि बाजूला स्टूल घेऊन बसला, लांब नाही बसला. आजारी माणसाच्या जवळ बसायला लोक बिचकतात, मी बघितलंय. कांताबाई तर काय, दारातूनच सुरू झाल्या. "आवं ताई, कशाला एवढं केलंत? आमी काय पाव्हणं हाय व्हय?" हातात पेरूची पिशवी. बाई रोखठोक, पण डोळ्यांत माया. ह्यांच्याकडे बघून त्यांनी चेहरा पाडला नाही की च्च् च्च् केलं नाही.

पोहे झाले, चहा झाला. कांताबाईंचं लक्ष मशीनकडे गेलं. "ह्ये काय घुरघुरतंय?"

नम्रताला तेवढंच हवं होतं. तिने सगळं सांगितलं. साखळी, घडी, तुकडे, जगभरातली माणसं. छान सांगितलं, मी सुद्धा भांडी आवरायची थांबून ऐकलं. कांताबाई विचार करून म्हणाल्या, "म्हंजी आमच्या सप्त्यात वीणेचा पहारा असतोय तसंच की. सात दिस वीणा खाली ठिवायची न्हाई. एकाचा पहारा झाला की दुसऱ्याच्या गळ्यात. कोण किती येळ उभा ऱ्हायला ते इच्यारत न्हाईत, भजन तुटलं न्हाई म्हंजी झालं."

"अगदी तसंच!" नम्रता टाळी वाजवून म्हणाली.

आणि त्याच वेळी हे बोलायला लागले.

नेहमीसारखं नाही. मान ताठ करून, गळ्याच्या शिरा तटतटून, एकेक शब्द ओढून बाहेर काढत. बोलताना नम्रताकडे बघत होते, मग कांताबाईंकडे, मग आयुषकडे. खोलीतले सगळे थांबले. लोकांच्या कानांवर काय पडलं असेल? आं, ऊं, घशातली घरघर. मी मात्र स्पष्ट ऐकलं.

हे म्हणाले, "माझा आजार रक्तातला आहे. माझ्या वडलांना होता. नम्रतालाही असू शकतो. तिला माहीत नाही. तिला कळल्याशिवाय पुढे जाऊ नका."

बोलून हे मागे रेलले. धाप लागली होती. आणि चार जोड्या डोळे माझ्याकडे वळले, त्यांतली एक जोडी ह्यांची.

"काय म्हणत्यात?" कांताबाईंनी विचारलं.

नम्रता हसऱ्या चेहऱ्याने बघत होती. आयुष स्टुलावर पुढे झुकला होता. मी पदराला हात पुसले.

"म्हणतायत," मी म्हणाले, "पोरगी आमची लाडावलेली आहे. सांभाळून घ्या."

नम्रता "बाबा!" म्हणून ह्यांच्या गळ्यात पडली आणि रडायला लागली. कांताबाईंनी डोळ्याला पदर लावला. "तुमी काळजीच करू नगा, भाऊ. लेकीवानी ठिवीन." आयुषने ह्यांचा हात हातात घेतला. तो निर्जीव हात. ह्यांनी त्यातल्या कुणाकडेही बघितलं नाही. नम्रताच्या खांद्यावरून हे माझ्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांच्या भांडणांत ह्यांनी माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं. राग असता तर मला परवडला असता. राग नव्हता तो. अनोळखी बाईकडे बघावं तसं बघत होते.

दिवाळीनंतरचा मुहूर्त धरायचा असं ठरलं. नम्रता आणि आयुष संध्याकाळच्या विमानाने गेले. दार लावून मी वळले तर हे म्हणाले, "बंद कर."

"काय? दिवा?"

"मशीन."

मला बरंच वाटलं. खोटं कशाला बोलू, मला वाटलं, चला, ह्यांनी मान्य केलं, सुटलं एकदाचं ते खूळ. मी बटण दाबलं. घरघर थांबली आणि एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच मला आमच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

त्यानंतर ह्यांनी बोलणं सोडलं. आधीच बोलता येत नाही, त्यात अबोला! मी जेवण भरवायची, हे गिळायचे. अंग पुसायची, हे भिंतीकडे बघायचे. "पाणी हवंय का?" गप्प. "कुशीवर वळवू का?" गप्प. मी चिडले, आरडाओरडा केला, "तुमच्यासाठी राबतेय मी, आणि तोंड फिरवता?" असं नाही नाही ते बोलले. शेवटी ह्यांच्या पायाशी बसून म्हणाले, "अहो, एक हाक तरी मारा. शिवी द्या हवं तर." ह्यांनी डोळे मिटून घेतले. ज्याचं बोलणं जगात मला एकटीलाच कळतं, तो माणूस माझ्याशी बोलेना म्हटल्यावर माझं या घरात काय उरलं, सांगा.

बुधवारी नम्रताचा फोन आला. ऑफिसच्या वेळेत. "आई, बाबांचं मशीन का बंद आहे?"

"तुला कसं कळलं?"

"गटाच्या पानावर दिसतं ना! रविवारनंतर बाबांच्या नावावर एकही तुकडा गेलेला नाही. मागे ॲडमिट केलं होतं तेव्हासुद्धा मशीन चालू होतं. काय झालंय?"

"उकाडा होतो म्हणून बंद केलं."

"ऑक्टोबरात उकाडा व्हायचाच, पंखा लाव. बाबांना दे."

मी फोन ह्यांच्यासमोर धरला. नम्रताने हाका मारल्या. ह्यांनी स्क्रीनकडे टक लावून पाहिलं, पण तोंड उघडलं नाही. हूं नाही की चूं नाही. "बाबा, बरं वाटत नाहीये का? बाबा, रागावलात का माझ्यावर?" हे नुसते बघत होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला वाटलं होतं, हरले म्हणून बंद करायला लावलं. पण माझ्या तोंडातून न जाता लेकीपर्यंत पोचणारी ह्यांच्याकडे एकच गोष्ट उरली होती, आणि ती ह्यांनी माझ्याच हाताने बंद करवली होती. बुधवार पेठेतला दुकानदार तो. मला कसला हार जातोय!

"मी येते," नम्रता म्हणाली आणि फोन ठेवला.

शनिवारी दुपारी ती आली. पिशवी दारातच टाकली, बूटही न काढता ह्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाली, "आई, तू जरा थांब. मला बाबांशी बोलायचंय. मी विचारते, बाबा डोळे मिटून हो म्हणतील. नाही असेल तर उघडेच ठेवा, बाबा. चालेल?"

ह्यांनी डोळे मिटले.

मी दाराला टेकून उभी राहिले.

"खूप दुखतंय?" डोळे उघडे. "श्वासाचा त्रास?" उघडे. "आयुष आवडला नाही?" उघडे. "त्याची आई?" उघडे. "मी लांब राहते म्हणून? मी नोकरी सोडून येऊ?" उघडे, उघडे. "लग्न नको आहे तुम्हाला?" यावर हे घुटमळले. डोळे मिटायला आले आणि पुन्हा उघडले. नम्रता गोंधळली. "म्हणजे लग्न हवंय पण… आत्ता नको? पैशांचं टेन्शन आहे? मग काय, बाबा?"

विचारत सुटली पोरगी. कसकसले प्रश्न तिने शोधून काढले. आपण कधी काय चुकलो ते आठवून आठवून विचारत होती. बारावीला खोटं बोलले होते त्याचा राग आहे का, दुकान बंद करताना मी आले नाही म्हणून का. प्रत्येक प्रश्नाला ह्यांचे डोळे उघडे. जो प्रश्न विचारायला हवा होता तो तिच्या मनात येणार तरी कुठून? त्याच्यावर तर मी झाकण घालून बसले होते. हळूहळू तिचा आवाज फाटायला लागला. "बाबा, मला नाही हो कळत. मी मूर्ख आहे का? मला का नाही कळत?"

तिने ह्यांच्या गुडघ्यांवर डोकं ठेवलं. ह्यांना तिच्या केसांवरून हात फिरवायचा होता, मला दिसत होतं, खांदा थरथरत होता. हात जागचा हलला नाही. मग ह्यांनी तोंड उघडलं. आठवडाभरात पहिल्यांदा. तिने चटकन मान वर करून कान ह्यांच्या ओठांशी नेला. ऐकलं. पुन्हा ऐकलं. रडवेली होऊन माझ्याकडे वळली.

"आई, तुलाच कळतं. काय म्हणतायत?"

हे माझ्याकडे बघत नव्हते. आपलं पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते, लेकीकडे बघून, ती समजेल या आशेने. आता माझ्याकडून काही मागायचंही ह्यांनी सोडून दिलं होतं.

मी जाऊन नम्रताच्या शेजारी जमिनीवर बसले. माझा तो खणखणीत आवाज कुठे गेला कोण जाणे.

"म्हणतायत, माझा आजार रक्तातला आहे," मी म्हणाले.

हे थांबले. वळून माझ्याकडे पाहिलं. मग हळूहळू, एकेक वाक्य सांगून थांबायला लागले, मला वेळ देत.

"म्हणतायत, बापूरावांना लकवा नव्हता. हेच होतं."

"म्हणतायत, तुलाही असू शकतं. निम्मी शक्यता आहे. नसेलही."

"म्हणतायत, तपासायचं की नाही ते तू ठरव. नाही तपासलंस तरी चालेल. पण तुला माहीत असायला हवं, म्हणतायत. आयुषला सांग. त्याच्या आईला सांग."

नम्रता हलली नाही. मांडीवर ठेवलेल्या स्वतःच्या हातांकडे बघत होती. बोटं मिटत होती, उघडत होती. मी जे बघायला नको म्हणून एवढं सगळं केलं, तेच माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं.

"त्या रविवारी," ती खाली बघतच म्हणाली, "बाबा हेच सांगत होते?"

"हो."

"आणि तू सांगितलंस, लाडावलेली आहे."

"हो."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"रिपोर्ट आल्यापासून. गेल्या वर्षीपासून."

ती उठली. खिडकीपाशी गेली, आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. खाली सोसायटीच्या आवारात पोरं क्रिकेट खेळत होती, कुणीतरी आउट झाल्याचा गलका झाला. मला वाटलं आता ही ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. माझी लेक आहे, ओरडायला कमी नाही. पण या वेळी ती बापावर गेली.

हे पुन्हा बोलले. बराच वेळ बोलले, थांबत, धापा टाकत. नम्रता वळली.

हे म्हणाले, "आईवर रागावू नकोस. भ्यायली होती ती. तुझ्यासाठी आयुष्यभर सगळ्यांशी भांडली, याच्याशी कसं भांडायचं ते तिला कळलं नाही. मी गेल्यावर तिला तूच आहेस."

नम्रताने डोळे पुसले आणि बऱ्याच वेळाने माझ्याकडे नीट पाहिलं.

"आता काय म्हणाले?"

हे माझ्याकडे बघत होते. मान किंचित हलवून 'सांग, सांग' म्हणत होते. स्वतःचीच वकिली कुठल्या तोंडाने करायची?

"तहान लागलीय म्हणतायत," मी म्हणाले, आणि ह्यांना ठसका लागू नये म्हणून पाणी दाट करायची पावडर कालवायला उठले.